नावाले पोचाले वेळ लागते

पुकारा करण्याआधी ते डोळे मिटायचे. डावा तळवा कानामागे न्यायचे, उजव्या हातानं छातीवरचा लाल पट्टा सरळ करायचे आणि मग वऱ्हांड्याच्या कठड्यापलीकडे, कडुनिंबांच्या दिशेनं नाव सोडायचे. सोडायचे असंच म्हणायला हवं, कारण ते ओरडत नसत. पतंगाला ढील द्यावी तसं नाव त्यांच्या तोंडून निघायचं आणि झाडांवरून तरंगत जायचं.

तुम्ही कधी कोर्टात गेला असाल तर पुकारा ऐकला असेल. पक्षकाराचं किंवा साक्षीदाराचं नाव तीनदा घ्यायचं, आला नाही तर गैरहजर. बहुतेक शिपाई तिन्ही हाका एका दमात उरकतात. मामा (आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो) प्रत्येक हाकेनंतर थांबायचे, मान जराशी कलती करून. फाटकाशी फुटाणे घेणारा, झाडाखाली डोळा लागलेला कुणी खेडूत उठून, चपला शोधून, धापा टाकत येईपर्यंत. आतून बेंचक्लार्क वैतागले की मामा दारातूनच सांगायचे, "थांबा ना साहेब. नावाले पोचाले वेळ लागते."

मी तेव्हा नागपूरच्या त्या कोर्टात नुकतीच स्टेनो म्हणून लागले होते. शाळा कॉन्व्हेंटची, मराठी फक्त घरातली, आणि घरातही मी कमीच बोलायची. सीताबर्डीहून सायकलनं यायचं, मान खाली घालून टाइप करायचं आणि जायचं. कुणी काही विचारलं तर मान हलवायची. होकाराची आणि नकाराची मान मला इतक्या सफाईनं हलवता यायची की तोंड उघडायची वेळच येत नसे. मामांच्या ते लगेच लक्षात आलं. पाण्याचा ग्लास ठेवताना म्हणाले, "बाई, एखाद्या दिवशी तुमचंच नाव पुकारलं तं कसं करसान? हाजर म्हणाले तोंड उघडा लागते." मी मान हलवली. ते हसत निघून गेले.

त्यांच्या आवाजाच्या गोष्टी ते स्वतःच सांगायचे. घरी नातवंडांना जेवायला बोलावलं की शेजारची पोरंही ताट घेऊन येतात, म्हणून बायकोनं त्यांना घरात कुणालाही हाक मारायची बंदी केली होती. "कोर्टात बोलाचा पगार भेटते, घरी चूप राहाचं जेवण," असं त्यांचं म्हणणं.

उन्हाळ्याच्या दुपारी त्या इमारतीला झोप आल्यासारखी व्हायची. कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास, खोल्याखोल्यांतले टाइपरायटर, आणि मधूनच मामांनी सोडलेलं एखादं नाव. मला वाटायचं, ही नावं झाडांवरून अशीच पुढे जात असतील, शेतांवरून, विहिरींवरून, आणि कुठेतरी कुणीतरी काम थांबवून बघत असेल.

अशाच एका उन्हाळ्यात कुसुमचा खटला आमच्या कोर्टात उभा राहिला. कुसुम सीताबर्डीच्या एका क्लासमध्ये शिवण शिकवायची. संत्र्यांच्या बागेतल्या विहिरीत ती सापडली, आणि बाग होती लकडगंजातल्या एका मोठ्या लाकूडव्यापाऱ्याची. त्याच्या मुलावर खुनाचा आरोप होता. वर्तमानपत्रांत रोज फोटो यायचे. खटला बघायला इतकी गर्दी व्हायची की खिडक्यांच्या गजांना माणसं लोंबायची.

कुसुमची आई प्रत्येक तारखेला यायची. हुडकेश्वर तेव्हा शहराबाहेरचं खेडं होतं, तिथे त्यांची थोडी शेती होती. उन्हातून चालत यायची आणि वऱ्हांड्यातल्या बाकाच्या टोकाला बसायची. पहिल्याच दिवशी तिनं मामांना विचारलं, "सगळ्याइचं नाव घेऊन राहिले तुम्ही. माह्या पोरीचं काहून नाही घेत?"

खटला मुलीचा, म्हणजे एक दिवस मुलीचंही नाव पुकारलं जाणार, असं तिनं धरलं होतं. खुनाच्या खटल्यात पुकारा आरोपीचा होतो, साक्षीदारांचा होतो. जी गेली तिला कोण बोलावतं? हे मामांना सांगता आलं असतं. ते म्हणाले, "घेऊ माय, घेऊ. अजून वेळ हाय."

मग दर तारखेला ती फक्त त्यांच्याकडे बघायची. ते पट्टा सरळ करत दुसरीकडे बघायचे.

साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. कुसुमला मोटारीत बसताना पाहिलेल्या रिक्षावाल्याला काही आठवेना. बागेच्या राखणदारानं त्या दिवशी काहीच ऐकलं नव्हतं. ते वऱ्हाडीत बोलायचे, न्यायाधीश मला इंग्रजीत सांगायचे आणि मी ते शॉर्टहँडच्या रेघांत उतरवायची. "मले काही आठवत नाही," म्हणण्याआधी रिक्षावाल्यानं व्यापाऱ्याकडे पाहिलं होतं आणि दुपट्ट्यानं तोंड पुसलं होतं. त्यासाठी माझ्याकडे रेघ नव्हती.

निकाल मला आदल्या दिवशीच कळला, कारण तो मीच टाइप केला. संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष सुटका. न्यायाधीश वाईट नव्हते. सांगताना एक वाक्य त्यांनी दोनदा बदलायला लावलं. माझी बोटं मात्र नेहमीसारखी चालली, एक चूक नाही. बाहेर आले तर, तारीख नसतानाही, कुसुमची आई बाकावर बसलेली. तिनं पदरातून संत्रं काढून अर्धं माझ्यापुढे केलं. मी ते घेतलं आणि हातात धरून उभी राहिले. मामांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि हळूच म्हणाले, "काही सांगू नका बाई. समजलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल वाचला गेला. फाटकाशी फटाक्यांची माळ लागली, पेढे वाटले गेले, मुलाला खांद्यावर घेऊन लोक मोटारीपर्यंत गेले. न्यायाधीश चेंबरमध्ये निघून गेले. कोर्टाची खोली रिकामी झाली. फटाक्यांचा धूर वऱ्हांड्यात तरंगत होता आणि त्यात बाकाच्या टोकाला आई तशीच बसून होती. रडत नव्हती. मामांकडे बघत होती.

मामा दाराशी गेले. पट्टा सरळ केला. डोळे मिटले, तळवा कानामागे नेला.

"कुसुम गणपत, हाजीर हो!"

शेजारच्या खोलीतले टाइपरायटर थांबले. चहा पिणारे वकील वळले. नाव धुरातून वर गेलं, निंबांवरून पलीकडे गेलं. मामा मान कलती करून थांबले. मी खरंच फाटकाकडे बघितलं. तुम्हीही बघितलं असतं.

दुसरी हाक. पुन्हा तसंच थांबणं. फाटकाशी हसणारी माणसं आता वळून वऱ्हांड्याकडे बघत होती.

तिसऱ्या हाकेनंतर आई उठली. पदर नीट केला, दारापर्यंत आली, आणि रिकाम्या खोलीकडे बघून म्हणाली, "हाजर हाय." मग चपला हातात घेऊन पायऱ्या उतरली आणि उन्हात चालू लागली.

दोन दिवसांत तक्रार आली. सुटलेल्या मुलाच्या वकिलानं लिहिलं होतं की शिपायानं निकालाची थट्टा केली. मामांचं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं, चौकशीत पेन्शन अडकली असती. शिपायांवर देखरेख नाझर साहेबांची. ते मनानं चांगले होते. कुणी ऐकलंच नसेल तर पुकारा झालाच नाही, असं त्यांनी ठरवलं. एकेकाला बोलावून विचारलं. कुणी चहाला गेलं होतं, कुणाला फटाक्यांत काही ऐकू आलं नव्हतं. सगळ्यांनी मामांवरच्या मायेनं सांगितलं.

माझी पाळी येण्याआधी मामा मला पाण्याच्या माठाशी भेटले. ग्लास विसळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, माह्यासाठी फितूर होऊ नका."

मी म्हटलं, "पण मामा, पेन्शन..."

"ते पाहू. या वऱ्हांड्यात लय लोकाइनं ऐकलं नाही म्हणलं. तिचं नाव कोर्टात घेतलं होतं, एवढं तरी कागदावर येऊ द्या."

नाझर साहेबांनी मला खुर्ची दिली. प्रश्नातच उत्तर ठेवून विचारलं, "तुम्ही तर आत टाइप करत होता, नाही का?" मान हलवायची, बस. त्या कामात माझा हात कोण धरणार? मामा ग्लासांचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांनी डोळे मिटलेले होते.

"ऐकलं," मी म्हणाले. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मी बाहेरच होते. मामांनी कुसुम गणपत असं नाव घेतलं. तीनदा."

नाझर साहेबांनी पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं आणि लिहिलं. नाव लिहिताना त्यांनी मला एकदा विचारून घेतलं, चूक नको म्हणून.

नाझर साहेबांनी प्रकरण मोठ्या चौकशीपर्यंत जाऊ दिलं नाही. पेन्शन वाचली, पट्टा गेला. मामांची बदली तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये झाली. तिथे जुन्या खटल्यांची दप्तरं, वाळवी आणि एक मिणमिणता दिवा. हाक मारायला कुणी नाही. वरच्या दारात नवा शिपाई आला. तो तिन्ही हाका एका दमात घ्यायचा, आणि लोक गैरहजर ठरू लागले.

कधी जेवणाच्या सुट्टीत मी खाली जायची. घरची बंदी उठली का, असं एकदा विचारलं. म्हणाले, "उठली. पण आता पोरंच ऐकत नाही." कुसुमच्या आईबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त एकदा, दप्तर बांधता बांधता, स्वतःशीच म्हणाले, "उशीर झाला मले. पहिल्याच दिवशी घ्याले पायजे होतं."

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी हारतुरे झाले नाहीत. संध्याकाळी त्यांनी डबा सायकलला अडकवला आणि फाटकाबाहेर पडले. मी वऱ्हांड्यात होते, त्यांच्या जुन्या जागी. सायकल निंबांच्या सावलीतून लांब जात होती. मी कठड्यावर हात टेकले आणि हाक मारली, "मामा!"

सायकल चालतच राहिली. मी थांबले.

वळणाशी ती थांबली. मामांनी एक पाय रस्त्यावर टेकवला. मागे न वळता त्यांनी डावा तळवा कानामागे नेला, मान जराशी कलती केली, आणि तसेच क्षणभर उभे राहिले.