शालूबाईच्या हातावरची तुळस

शहापुरातल्या त्या विणकर घरात थोरली जाऊ शालूबाई, पण मान सगळा धाकटीला. धाकटी जयाबाई १९३४ साली निपाणीहून लग्न होऊन आली तीच हातावर तुळशीवृंदावन गोंदवून. ती सुताच्या कांड्या भरायला बसली, की आयाबाया त्या हाताकडं बघत राहायच्या आणि शालूबाईच्या पोटात दुखायचं. सासूनं एकदा "लक्ष्मीचा हात गं" म्हटलं, त्या दिवशी शालूबाई जेवलीसुद्धा नाही.

संक्रांतीनंतर गोंदणारी आळीत आली. शालूबाईनं हात पुढं केला. "तसलीच तुळस काढ. हिच्यापेक्षा मोठी." गोंदणारी खोकत होती, आणि दर खेपेला सुई जिभेवर ओली करून काजळीत बुडवत होती.

जयाबाई कानाशी लागली, "आक्का, लई खोकतीया ती. आज नको."

"तुझं झालंय, आता आमचं बघवत न्हाय व्हय?"

तुळस मोठी आली. दोन महिने शालूबाई मुद्दाम बाही सारून पाण्याला जात होती. मग वृंदावनावर चामखिळीसारखे खरबरीत दाणे उठले. दुखत नव्हते, पण पसरत होते. जयाबाईचीच दृष्ट लागली असं धरून तिनं बाही मनगटापर्यंत ओढली आणि जावेशी अबोला धरला.

शेवटी दिवाळीत जयाबाईनंच तिला लष्करी कॅम्पातल्या डॉक्टरकडं ओढत नेलं.

"कातडीचा क्षय आहे," डॉक्टर म्हणाले.

"खोकला न्हाय, ताप न्हाय, मला कसला क्षय?"

"खोकला त्या बाईला. तिच्या थुंकीतून, सुईवाटे तुमच्या हातात आला."

डॉक्टरांनी तुळस कापून काढली. जयाबाईनं आळीत चकार शब्द काढला नाही. शालूबाईला तेच सलायचं. ही बोलली असती, तर भांडता तरी आलं असतं! चांगुलपणातही मेली पुढंच.

पुढल्या संक्रांतीला तीच गोंदणारी आली, आणखी वाळलेली. शेजारच्या बेबीनं हात पुढं केला. जयाबाई म्हणाली, "नको गं, बाधा हुतीया." तशी बेबी फणकारली, "तुझं झालंय, आता आमचं बघवत न्हाय व्हय?"

शालूबाई चपापली. आपलेच शब्द! गप्प बसलं तर जयाबाई चारचौघींत खोटी पडत होती, आणि इतके दिवस तिला तेवढंच तर हवं होतं. सुई बेबीच्या मनगटाशी आली.

शालूबाईनं बाही कोपरापर्यंत सारली. तुळशीच्या जागी नुसता ओढलेला व्रण.

"ह्याच सुईनं झालंय. हिनं मला सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाय."

गोंदणारीनं काजळीची वाटी झाकली. सगळ्या बाया शालूबाईचा हात बघत होत्या. जयाबाईच्या तुळशीकडं कुणाचं लक्ष नव्हतं. खोटं कशाला सांगू, शालूबाईला त्यातही जरा बरं वाटलं.