ढोलकी खाली ठेवून आलेली मंडळी

माझ्या सासऱ्यांचा घशाचा कॅन्सर गणपतीच्या आधी कापून काढला. त्याबरोबर स्वरयंत्रही गेलं. मानेच्या खालच्या भागात एक भोक राहिलं, त्यातून ते श्वास घ्यायचे. बोलण्यासाठी एक यंत्र मिळालं होतं, छोट्या टॉर्चएवढं. हनुवटीखाली दाबून धरायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. त्यातून येणाऱ्या आवाजात चढ नाही, उतार नाही, राग नाही, माया नाही. शेजारच्या घरात मिक्सर चालू असावा तसा. आमच्या मजल्यावरची पोरं त्यांना रोबोट आजोबा म्हणायची, तेही तोंडावर. त्यांनीही त्या पोरांना यंत्रातून दोन-तीन शब्द शिकवले. ते मी इथे लिहिणार नाही.

हा माणूस आमच्या चर्चच्या कॅरल पार्टीत पहिली ओळ उचलायचा. नाताळच्या आधी आठवडाभर ही पार्टी संध्याकाळी घरोघर जाते. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, पार आंबिवलीपर्यंत. दारात उभं राहून एकजण पहिली ओळ एकट्याने गातो, मग ढोलकी पडते, मग सगळे गातात. ती पहिली ओळ माझं लग्न होऊन मी या घरात आले त्याच्याही आधीपासून त्यांची होती. पुढचा नाताळ आपल्याला मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी ते माझ्यापासून लपवलं नव्हतं आणि मी त्यांच्यापासून. त्यांना एकच हवं होतं. पार्टीने आपल्या दारात यावं आणि नेहमीसारखं, ढोलकी वाजवून, गावं.

मी यादी करून जगणारी बाई आहे. नवऱ्याची मानपाड्याला कारखान्यात शिफ्ट, माझी नोकरी ठाण्यात, सासऱ्यांची तपासणी, ड्रेसिंग, पातळ जेवण. यादी नसती तर त्यांच्या आधी मीच गेले असते. डिसेंबर लागला तेव्हा मी त्या यादीतून दोन गोष्टी काढल्या: फराळ आणि खिडकीतला कागदी तारा. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक नाताळला केक विकत आणतो, पण घरात तळतो त्या करंज्या आणि चकल्याच. यंदा तळणाचा धूर गळ्याच्या भोकातून थेट त्यांच्या छातीत गेला असता, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. ताऱ्याचं कारण आणखी साधं. बिल्डिंगची दुरुस्ती चालू होती. बाहेरून बांबूची परांची आणि हिरवी जाळी. कंदील टांगायला जागा नव्हती. सासरे म्हणाले, जाळी काप. मी म्हणाले, सोसायटीची जाळी मी कापणार नाही. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत हे ओळखायला थोडा वेळ लागायचा.

ज्या घरात माणूस गेलं त्या घरात वर्षभर सण होत नाही, आणि शेजारी तिथे फराळ नेऊन देतात. आमच्या बिल्डिंगमध्ये हे सगळेच पाळतात, हिंदू घरी दिवाळीला, आमच्याकडे नाताळला. लोकांनी सप्टेंबरात आमच्या दारात ॲम्ब्युलन्स पाहिली होती. मग म्हातारा खाली दिसेना. डिसेंबरात तारा लागला नाही, तळणाचा वास आला नाही. लोकांनी हिशोब केला.

पहिल्या आल्या बी विंगमधल्या एक काकू. हातात करंज्यांचा डबा, चेहरा उतरलेला. चपला दाराबाहेर काढून त्या सोफ्याच्या कडेला बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आम्हाला कळलंच नाही हो. कधी झालं?"

मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून यंत्र बोललं. "अजून नाही. बसा."

काकू बसल्या होत्या त्या उठून गेल्या. डबाही परत न्यायला आल्या नाहीत, अजून माझ्याकडेच आहे.

त्यानंतर आणखी डबे आले. काही खरोखर चुकीने, काही आमच्या चर्चच्या बायकांकडून. सासरे जिवंत आहेत हे त्यांना चांगलं माहीत होतं, पण यंदा तुला जमणार नाही म्हणून आणलं, असं त्या म्हणायच्या आणि आतल्या खोलीकडे न बघता निघायच्या. सासऱ्यांना त्यातलं काही गिळता येत नव्हतं. त्यांनी मला सगळे डबे टेबलावर ओळीने मांडायला लावले, प्रत्येकाचं झाकण उघडून आत बघितलं आणि यंत्र हनुवटीला लावलं. आपण गेल्यावर कोण काय आणणार हे आधीच कळलं, चकल्या कोणीच आणल्या नाहीत, पण त्यांच्या तयारीला लोकांना अजून वेळ आहे, असं त्यांचं मत पडलं.

मला हसू आलं आणि मग संताप आला. दोन्ही त्यांच्यावरच.

कॅरल पार्टी कुठल्या दिवशी कुठल्या घरी जाणार, कुठे नुसता चहा, कुठे जेवण, ही आखणी दरवर्षी मीच करायचे. गायला मला जमत नाही, हे जमतं. त्या वर्षीही मी केली. पार्टीच्या सेक्रेटरीचा फोन आला. हा पन्नाशीचा गृहस्थ, बँकेत आहे, आणि त्याला गाणं सासऱ्यांनीच शिकवलं. विसाव्या वर्षी तो आमच्या घरी जेवायला असायचा. आता त्याचं म्हणणं असं, की आमच्या घरी फक्त प्रार्थना करावी. गाणं ऐकून काकांना त्रास होईल. शिवाय तरुण पोरं आहेत, आजारी घरात ढोलकी वाजवायला त्यांना बरं वाटत नाही.

मी हे सासऱ्यांना जसंच्या तसं सांगितलं. मला गोड करून सांगता येत नाही.

त्यांनी मला आंबिवलीची गोष्ट सांगितली. ती मला ठाऊक होती, पण यंत्राने सांगितलेली गोष्ट थांबवता येत नाही, त्यांना एकेका शब्दाला कष्ट पडायचे. आंबिवलीला एका घरी आठवड्यापूर्वी मूल गेलं होतं. पार्टी दारात येऊन अवघडली, काय करावं कळेना. त्या मुलाची आई बाहेर आली आणि म्हणाली, वाजवा. सासऱ्यांनी पहिली ओळ उचलली, ढोलकी पडली, आणि ती बाई गाणं संपेपर्यंत दाराला धरून उभी राहिली. तेव्हापासून त्यांचा नियम एकच. घरात काय चाललंय हे दाराबाहेरच्यांनी ठरवायचं नाही. नाताळ आला आहे हे सांगायला आलात ना, मग सांगा. रडायचं की नाही ते घरातले बघतील.

"त्याला सांग," ते म्हणाले, "ढोलकी आण."

मी सांगितलं. सेक्रेटरी म्हणाला, बघतो ताई.

पार्टी आली त्या संध्याकाळी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यावर स्वच्छ रुमाल बांधून सोफ्यावर तासभर आधीपासून बसले होते. मी सगळ्यांसाठी चहा टाकला होता. जिन्यात पावलं वाजली, पण नेहमीचा गोंगाट नव्हता. दार उघडलं तर सगळे हात पुढे बांधून उभे. खंजिरी नाही, ढोलकी नाही. ढोलकी वाजवणाऱ्या मुलीला मी विचारलं. ती खाली बघत म्हणाली, वॉचमनकडे ठेवलीये.

सेक्रेटरीने पवित्र शास्त्र उघडलं. त्याने कुठला उतारा काढला हे पहिल्याच वाक्याला मला कळलं. तो आमच्याकडे मयताच्या घरी वाचतात. मग प्रार्थना. या घरातल्या दुःखात प्रभू सोबत असो. काकांनी मंडळीत जी गाणी गायली त्यांच्या आठवणीबद्दल उपकार. काका मंडळीचा आधारस्तंभ होते. होते. दोन हातांवर काका बसले होते, डोळे उघडे ठेवून.

"आमेन झालं?" यंत्र म्हणालं. "आता ढोलकी आणा."

मागच्या दोन मुली फिसकन हसल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. सेक्रेटरी लाल झाला. ढोलकी काही आणली नाही, पण एक गाणं म्हणायला त्याने खूण केली. पहिली ओळ त्याने स्वतःच उचलली, अगदी हळू, पाळण्यातल्या मुलासाठी म्हणावी तशी. दुसऱ्या शब्दाला सासऱ्यांनी यंत्र लावलं आणि ते गाण्यात शिरले. शब्द सगळे बरोबर, ताल बरोबर, सूर एकच, तोही कुठल्याच पट्टीतला नाही. पोरांचा आवाज फाटला. दोघं थांबले, मग चौघं.

सेक्रेटरी वाकून म्हणाला, "काका, तुम्ही नुसतं ऐका ना. तुम्हाला ऐकवायलाच आलोय आम्ही."

सासरे थांबले नाहीत. त्यांनी ते कडवं एकट्याने संपवलं. मग कोणीतरी म्हणालं उशीर होतोय, आणि सगळे निघाले. चहा कोणी घेतला नाही. पातेलं भरलेलं राहिलं.

ज्या घरी पार्टी गाते त्या घरातलं एक माणूस पुढच्या घरापर्यंत पार्टीबरोबर जातं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. सासरे उठले आणि पायात चपला सरकवू लागले. मी म्हणाले, नाही. बाहेर गारठा आहे, धूळ आहे, तुमचा श्वास उघडा आहे, आणि तुम्ही त्यांना नको आहात, ते त्यांनी दाखवलंय. हे शेवटचं मी मुद्दाम म्हणाले. कोणीतरी म्हणायला हवं होतं.

त्यांनी यंत्र लावलं. "तू पण डबा आण मग."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि पातेल्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर मला त्यांची दया आली नाही. मला त्या चहाचा राग आला होता. आखणी माझीच होती. पार्टी आता मानपाड्याला जाणार, तिथे जेवण, म्हणजे चांगला वेळ जाणार, आणि मग ठाकुर्ली. मी त्यांच्या गळ्यावर ओला रुमाल बांधला, वर मफलर गुंडाळला, पर्समध्ये नॅपकीन, पाणी आणि यंत्राची जादा बॅटरी टाकली आणि कोपऱ्यावर रिक्षा पकडली. ठाकुर्ली, मी म्हणाले.

ठाकुर्लीचं घर एका रिटायर नर्सबाईंचं. वय सासऱ्यांएवढंच, कानाला कमी ऐकू येतं. या बाईंचं आणि सासऱ्यांचं कॉयरमध्ये जन्मभर पट्टीवरून वाजलेलं. दार उघडून त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं. खिडकीत त्यांचा कागदी तारा लागलेला होता.

"तुम्ही अजून आहात?" त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "मला तर चकल्या करायला सांगितल्यात."

"करा," यंत्र म्हणालं.

"काय?"

"करा म्हणतो. कमी तिखट."

बाई मला म्हणाल्या, आवाज गेला ते एक बरं झालं, इतकी वर्षं हा माणूस सगळ्यांना वरच्या पट्टीत ओढत होता. मग त्यांनी सासऱ्यांचा हात धरून त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, गळ्यावरचा रुमाल उचलून भोक बघितलं, कोण साफ करतं ते विचारलं, आणि माझं काम बरं आहे पण फार बरं नाही असं सांगितलं. इतक्या महिन्यांत त्यांच्या त्या भोकाकडे सरळ बघणारं घराबाहेरचं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. सासरे खूश दिसत होते. बाईंची लहान नात मात्र यंत्राचा आवाज ऐकून पलंगाखाली गेली ती गेलीच.

जिन्यात गोंगाट आला. खंजिरी, ढोलकीवर उगाच पडणारी थाप, हसणं. या घरी ढोलकी वर आली होती. दार उघडलं आणि पोरं आत घुसली, आणि खुर्चीत कोण बसलंय ते बघून पुढची पोरं मागच्यांवर आदळली. सेक्रेटरी माझ्याकडे बघत राहिला. पुढल्या वर्षीपासून आखणीचं काम दुसऱ्या कोणाकडे दिलंय, असा त्याचा मेसेज मला दुसऱ्या दिवशी आला. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

सासरे उठले. खुर्चीची पाठ एका हाताने धरली, दुसऱ्या हाताने यंत्र हनुवटीखाली नेलं आणि पहिली ओळ उचलली. मिक्सरच्या आवाजात, एका सुरात, शब्द न चुकवता. ओळ संपली. ढोलकी पडायची जागा आली. खोलीत कोणी हललं नाही. मग त्या मुलीचा हात पडला. तिने ठरवून केलं की सवयीने, मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. पण ढोलकी पडली म्हटल्यावर बाकीच्यांना गावंच लागलं. वाईट गायले. अर्धे सुरात, अर्धे यंत्राच्या नादाने भरकटलेले, आणि नर्सबाई सगळ्यांच्या वर, वेगळ्याच पट्टीत, कारण त्यांना कोणाचंच ऐकू येत नव्हतं. पलंगाखाली नात रडत होती. सेक्रेटरी गायला नाही. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शेवटच्या कडव्याला सासऱ्यांना खोकला आला. तो तोंडातून येत नाही, गळ्यातून येतो, आणि बघायला बरा नसतो. रुमाल लाल झाला. दोन मुली बाहेर गेल्या. मी पर्समधून नॅपकीन काढून त्यांच्या गळ्याशी धरला आणि त्यांना खाली बसवायला गेले. त्यांनी माझा हात बाजूला केला, श्वास सापडेपर्यंत थांबले आणि यंत्र पुन्हा हनुवटीला लावलं.

"दुसरं," ते म्हणाले.