हौसा देवी झाली त्याची गोष्ट

मंगळवारी अंथुर्ण्याला शाळेसमोरच्या पारावर माझ्या सृष्टिज्ञानाचा जाहीर पराभव झाला.

दुसऱ्या दिवशी इंदापूरहून देवी डॉक्टर यायचे होते. मागच्या खेपेला ते आले तेव्हा बायकांनी पोरं उसात लपवली. यंदा शेजारच्या वस्तीवर देवीची साथ आली आहे, मुलं गेली आहेत… म्हणून मी वर्गाचं नाटक बसवलं. देवी हा रोग आहे, लस टोचली की तो येत नाही. एवढंच सांगायचं होतं.

पण रोगाचं नाव देवी, लस टोचणं म्हणजे देवी काढणं, टोचणारा तो देवी डॉक्टर… या भाषेत मास्तरानं करावं काय?

चौथीतल्या हौसाला मी रोग केलं. काळं घोंगडं पांघर म्हटलं होतं. तिच्या मावशीनं हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, हातात लिंबाचा डहाळा दिला. वर मलाच विचारलं, देवीला घोंगडं कसं चालंल?

हौसा पारावर चढली आणि बायका हात जोडून उठल्या. मग ओट्या आल्या, नारळ आले… डॉक्टर झालेला गणपा रोगाला पळवायला पुढे सरसावला, तर एका म्हातारीनं त्याला कान धरून खाली बसवलं. मी घसा फोडून सांगत होतो, हा रोग आहे. गावातले वडीलधारे तात्या म्हणाले, "गप ऱ्हावा मास्तर. आई आलीया."

शेवटी हौसाची आईच पुढे आली. कडेवर धाकटा म्हादू, अजून न टोचलेला. तिनं पोटच्या पोरीच्या पायावर डोकं ठेवलं.

"आई, माझ्या लेकराला सांभाळ."

हे नाटकात नव्हतं. हौसानं माझ्याकडे पाहिलं. मग वैतागून म्हणाली, "मग टोचून घे की त्याला. कवाधरनं सांगतीया."

घरी ती रोज हेच सांगत होती म्हणे. लेकीचं कोण ऐकतं…

बुधवारी पारापुढे बायकांची रांग. म्हादू पहिला. डॉक्टरांना कुंकू लावलं, त्यांच्या पेटीवर हळद वाहिली. सृष्टिज्ञान फार छान शिकवता, असं ते जाताना मला म्हणाले.

आज हौसाला विचारलं, आता घरी ऐकतात का तुझं?

"न्हाय मास्तर. त्याला लुगडं नेसावं लागतंय."

म्हादूच्या दंडावर फोड आलाय. लस लागली… सृष्टिज्ञानाचं पुढं बघू.