सोसायटीचा सत्कार आणि कॉलेजचं रँकिंग

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितेय. आज सकाळी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत, यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेल्या मुलांचा सत्कार होता.

माझी मुग्धा आणि समोरच्या फ्लॅटमधली केतकी, दोघींनी एकाच टेबलावर बसून अभ्यास केला. केतकीला शाल-श्रीफळ मिळालं. मुग्धाच्या हातात नुसतं गुलाबाचं फूल!

सेक्रेटरींना विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "अहो, तुमच्या मुलीचं कॉलेज रँकिंगमध्ये बरंच खाली आहे. कमिटीचा तसा निर्णय झालाय."

केतकीनं तिथल्या तिथे शाल काढून त्यांच्या हातात दिली. "काका, मग ही माझ्या कॉलेजच्या गेटला पांघरा."

टाळ्या फक्त मुलांनी वाजवल्या. आम्ही मोठी माणसं कशाची वाट बघत होतो, सांगाल?