ओट्यावरचे डबे

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्हा शिक्षकांना नाना कामं लागली. माझ्या वाट्याला आला गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. लसीबद्दल लोक काय म्हणतात ते वाचायचं आणि संध्याकाळी आरोग्य केंद्राला कळवायचं. पाटसजवळचं आमचं गाव. रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि मोबाइलमध्ये मात्र जत्रा. तिथं तावातावाने बोलणारा माणूस दुकानात भेटला की मान खाली घालून निघून जायचा. मला या फरकाची भीती वाटायची.

शेजारचे मामा दौंडच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. एका सकाळी ग्रुपवर त्यांचा फोटो आला, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मग हात जोडणाऱ्यांची रांग लागली. हात जोडायला काय जातं, नुसता अंगठा तर हलवायचा. कुणी लिहिलं, लसच बाधली. मामांनी लस घेतलीच नव्हती.

मी धावत मामींकडे गेले. त्यांच्याकडे साधा फोन, ग्रुपचं त्यांना काही ठाऊक नाही आणि दवाखान्यातूनही काही निरोप नाही. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणतात. आजाराच्या धाकाने आत कुणी शिरलं नव्हतं, ओट्यावरच डबे ठेवून गेले होते. मामी दारात उभ्या राहून त्या डब्यांकडे बघत होत्या.

मी तिथूनच मामांना फोन लावला. दम लागत होता, पण आवाज त्यांचाच.

“मी हाय अजून, बाई,” ते म्हणाले. “वाचलं समदं. लई चांगलं लिवलंय. समोर असताना कुणी बोललं न्हाई असं.”

मी ग्रुपवर टाकलं, मामा जिवंत आहेत. सगळ्यांनी वाचलं. वाचणाऱ्यांत मामांचंही नाव दिसलं. थोड्या वेळाने त्याखाली पुन्हा जोडलेले हात येऊ लागले. मला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. डबे परत न्यायलाही कुणी फिरकलं नाही.

त्याच आठवड्यात मामा खरंच गेले. ग्रुपवर एक अक्षर उमटलं नाही. त्यांचं दुःख गावाने आधीच करून टाकलं होतं. संध्याकाळी केंद्रातून विचारणा आली, गावाचं मत काय? मी लिहिलं, गाव गप्प आहे.

मग पिठलं केलं, भाकरी थापल्या आणि डबा घेऊन गेले. आधीचे डबे मामींनी उचलून ठेवले होते, या वेळी कुणी आणले नव्हते; ओटा रिकामा होता. मामींनी डब्याला हात लावला नाही.

“आधी डबं आलं, बाई,” त्या म्हणाल्या. “मग ह्ये गेले.”

तो डबा ओट्यावर ठेवायचा मला धीर झाला नाही. तसाच परत आणला.