बिनखिळ्यांचं स्टूल

नगरहून पाथर्डीला जाणाऱ्या एसटीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि एक तरुण चक्क लाकडी स्टूल घेऊन चढला. दुष्काळाचं साल, सगळेच वैतागलेले. मी ओरडलोच, "अरे, इथं माणसांना जागा नाही आणि तू फर्निचर आणतोस?"

त्याने स्टूल मधल्या वाटेत टेकवलं, तळव्याने पुसलं आणि म्हणाला, "बसा."

माझं वजन तेव्हाही चारचौघांत उठून दिसायचं. "मोडलं तर?"

"बसा तर खरं. एक खिळा न्हाई त्यात, समदे सांधे मीच बसवलेत. सुतारकामाच्या वर्गातले मास्तर सोता वर उभं ऱ्हातात, मगच पास करत्यात."

बसलो. करंजीच्या घाटात गाडी हिसके देऊ लागली. तो माझ्याकडे नाही, स्टुलाच्या पायांकडे बघत होता आणि प्रत्येक गचक्याला गालात हसत होता. स्टूल जरासुद्धा कुरकुरलं नाही.

"सुताराचा का रे तू?"

"न्हाई. गावकुसाबाहेरचा." त्याने मान खाली घातली नाही. "गावात आमाला आजवर कुनी बसा म्हनलं न्हाई. आता मी म्हननार."

फाट्यावर तो स्टूल डोक्यावर घेऊन उतरला. तिथे उभ्या असलेल्या एका फेटेवाल्या गृहस्थांनी त्याला हटकलं, "काय रे, कुनाचं उचललंस?"

त्याने स्टूल त्यांच्यापुढे मांडलं, तळव्याने पुसलं. "माझं हाय. बसा, पाटील."

गाडी सुटली. पाटील बसले की नाही, ते धुळीत दिसलं नाही. त्याने मात्र स्टूल उचललं नव्हतं.