गोठलेली नळी

मिना राठोडबद्दल मी लिहावं इतकी आमची ओळख नव्हती. औंढ्याकडचा कुठलासा तांडा, वडिलांचं नाव धनसिंग, एवढंच मला कळलं, तेही दुसऱ्यांकडून. पण दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

हिंगोलीच्या एका दवाखान्यात ती रक्त तपासायची. माझी बायको शालूबाई तिथं तापानं भरती होती. पायात काटा मोडल्याचं निमित्त. प्रयोगशाळेसमोरच्या बाकावर मी बसून असे. शालूबाईच्या रक्तात जंतू सापडले होते. मिनानं ते काचेवर रंगवून मला सूक्ष्मदर्शकातून दाखवले: जांभळे गोल ठिपके, करवंदांच्या घोसासारखे. मग औषधाच्या थेंबात टाकले, तर फेस आला.

"जात कळली," ती म्हणाली. "आता गरीब हाय का जहाल, ते बघायचं."

गरीब म्हणजे कातडीवरचे, सुई टोचताना नमुन्यात आलेले. जहाल म्हणजे खरंच रक्तात शिरलेले. त्यासाठी रक्तावरच्या पिवळ्या पाण्यात जंतू मिसळून तिनं नळी उबेत ठेवली. चार तासांत गोठलं तर जहाल.

चार वाजता तिनं नळी आडवी केली. आतलं दह्यासारखं धरलं होतं. तिच्या गाडीची वेळ झाली होती. नळी परत ठेवून ती पळाली.

सकाळी तिच्या सोबतच्या विकासनं तीच नळी पाहिली, तर आत पातळ पाणी. वहीत आदल्या दिवशीचं काहीच नाही. त्यानं 'गोठलं नाही' असं लिहून दिलं. ताप उतरलेलाच होता. डॉक्टरांनी शालूबाईला घरी न्या म्हणून सांगितलं. गोठलेलं मीही पाहिलं होतं, पण माझ्या पाहण्याला काय किंमत, म्हणून गप्प राहिलो.

मिना आली, तिनं वही वाचली. "काल चारला तर गोठलं होतं," ती म्हणाली.

"काल डोळ्यावर झापड होती का ताई?" विकास हसला.

ती सरळ डॉक्टरांकडे गेली. मी दाराशी उभा.

"सर, काल चारला ते गोठलं होतं. लिहायचं राहिलं, चूक माझी. काही जंतू गोठवलेलं पुन्हा विरघळवतात. आजचा दिवस बाईंना घरी सोडू नका."

डॉक्टर तिला बरंच बोलले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. गप्प बसली असती तर कोणाला कळलंही नसतं.

तिनं नवी नळी लावली आणि अर्ध्या-अर्ध्या तासाला पाहत राहिली. जेवणाचा डबा तसाच. तिसऱ्या तासाला धरलं. आधी वहीत लिहिलं, मग डॉक्टरांना बोलावलं. शालूबाईला पुढं दोन आठवडे शिरेतून औषध दिलं. तशीच घरी नेली असती तर जंतू हृदयापर्यंत गेले असते, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

घरी जायच्या दिवशी मी मिनाला भेटायला गेलो. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं. ती काचा धुवून राहिली होती.

"निघालो बाई."

"माय जेवतात का आता?"

"जेवती. ठेचा मागून राहिली."

"मग द्या की बाबा. काहून अडवता?"

"बरं," मी म्हणालो.